ब्रेक दाबू नये

खोकं उघडलं तेव्हा आत सायकल नव्हती, सायकलीचं सामान होतं. सांगाडा वेगळा, चाकं वेगळी, हँडल वेगळं, आणि एका पिशवीत इतके नटबोल्ट की त्यावर एखादा छोटा कारखाना सुरू करता आला असता. आक्षेपसाहेबांना नेमकं हेच हवं होतं. तयार सायकल काय, कोणीही घेतो. पण डोंगर चढणारी, जाड टायरांची, पुढे स्प्रिंगा असलेली सायकल स्वतःच्या हातांनी जोडणारा माणूस निराळाच, असं त्यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी दुकानदाराला, टेम्पोवाल्याला आणि खोकं वर आणणाऱ्या हमालाला ऐकवलं होतं. हमाल "बरं साहेब" म्हणाला आणि घाम पुसत निघून गेला.

आक्षेपसाहेब हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. बांधकामाच्या परवान्यांसाठी येणारे अर्ज तपासणं ही त्यांची नोकरी, आणि त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत सुखरूप सुटलेला अर्ज आजवर कुणी पाहिलेला नाही. नकाशावरचा उत्तर दिशेचा बाण जरा कलला असला तरी ते "त्रुटी" असा शेरा मारून कागद परत पाठवतात. हे नाव कचेरीत पडलं, तिथून सोसायटीत आलं, आणि आता त्यांची सख्खी बहीणसुद्धा फोनवर "आक्षेप आहे का घरात?" असं विचारते.

घरात त्यांची बायको शिवणकाम करत असे. शाळांचे गणवेश, पडदे, उशांचे अभ्रे. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या मधल्या बोळात होतं, त्यामुळे आंघोळीला जाणाऱ्याला आधी तिची परवानगी काढावी लागे आणि मग पोटही आत घ्यावं लागे. खरं तर या घरात राहायला आले तेव्हाच मागची छोटी खोली, तिच्या मोठ्या खिडकीसकट, मशीनसाठी ठरली होती. पण त्या खोलीत आधी एक दुर्बीण आली. मग माशांची काचपेटी आली. मग पोट उघडलेला रेडिओ. सगळ्या वस्तू "आता थोडंच राहिलंय" या अवस्थेत पोचून तिथेच कायमच्या स्थायिक झाल्या होत्या.

"हे खोकं कुठे जाणार?" बायकोने विचारलं.

"मागच्या खोलीत. तात्पुरतं."

"दुर्बीणही तात्पुरतीच होती. अहो, त्या पेटीत मासे यायचे होते. आता त्यात तुमच्याच जुन्या चपला आहेत."

"दुर्बिणीचं आता थोडंच..."

"थांबा." बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. ती टाचण्या तोंडात ठेवून बोलते तोवर चिंता नसते. काढून बोलू लागली की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. "आयुष्यात एक गोष्ट पूर्ण करून दाखवा. दाखवलीत तर खोली तुमची, मी परत नाव काढणार नाही. नाहीतर सगळं भंगारात आणि माझं मशीन खिडकीपाशी. शाळांची कामं यायच्या आत."

दुसरा कोणी असता तर "बरं" म्हणून मोकळा झाला असता. पण आक्षेपसाहेबांना मोघम भाषेचा तिटकारा. ते म्हणाले, "पूर्ण म्हणजे काय? व्याख्या हवी. नाहीतर उद्या तू म्हणशील झालं नाही, मी म्हणेन झालं." आणि त्यांनी येरझाऱ्या घालत स्वतःच व्याख्या केली: स्वतः जोडलेल्या सायकलवर बसून, गावाबाहेरच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीला हात लागेपर्यंत, जमिनीला पाय लागता कामा नये.

"मी एवढं कुठे मागितलं?" बायको म्हणाली.

"पळवाट नको," साहेब बाणेदारपणे म्हणाले. आपल्यासाठी फास आवळताना त्यांचा आवाज नेहमीच असा खणखणीत येतो.

जोडणीच्या कामाला तळमजल्यावरचे पूलकाका आपणहून आले. काका निवृत्त इंजिनिअर. त्यांनी हयातभर पूल बांधले आणि ते सगळे अजून उभे आहेत, हे ते दर भेटीत सांगतात, म्हणून हे नाव. सायकल पाहून त्यांनी पहिला प्रश्न केला, "कॅरिअर कुठे आहे?"

"डोंगरावरच्या सायकलीला कॅरिअर नसतं."

"मडगार्ड? स्टँड? घंटी?"

"नसते."

"मग तुम्हांला अर्धीच दिलीय," काका म्हणाले, आणि पुढे त्यांनी सोसायटीत भेटेल त्याला हेच सांगितलं. त्यामुळे जिन्यात माणसं साहेबांकडे फसवल्या गेलेल्या माणसाकडे पाहावं तशी पाहू लागली.

सायकलीसोबत माहितीपुस्तिका आली होती. साहेबांनी ती अर्जासारखी वाचली, म्हणजे शत्रूच्या भावनेने. सुरुवातीला लिहिलं होतं, सर्व स्क्रू उजवीकडे फिरवून घट्ट करावेत. मागे कुठेतरी लिहिलं होतं, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते डावीकडे फिरवावे. साहेबांचे डोळे चमकले. एकाच पुस्तिकेत दोन परस्परविरोधी विधानं! त्यांनी त्याच दिवशी कंपनीला खुलासा मागणारं पत्र धाडलं. कचेरीचा शिरस्ता असा की खुलासा येईपर्यंत सर्वसाधारण नियम लागू. सर्वसाधारण नियम उजवीकडे फिरवण्याचा होता. तसं डावं पेडल बसेना, मग पूलकाकांनी दोन्ही पेडलं हातात घेऊन पाहिली, "हे दिसायला सारखंच आहे की" म्हणून उजवीकडचं डावीकडे लावलं आणि पान्याला लांब पाइप जोडून आटे कुरकुरेपर्यंत पिळलं. उजव्या बाजूचाही असाच बंदोबस्त झाला. "आता हत्ती बसला तरी हलणार नाही," काका म्हणाले.

पहिल्या फेरीला सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. साहेबांनी हेल्मेट घातलं, हातमोजे घातले, बायकोकडे एकदा वर पाहिलं आणि सुटले. आवाराच्या फाटकापर्यंत सगळं सुरेख झालं. फाटकापाशी डावं पेडल दांड्यातून सुटलं आणि बुटाखाली तसंच राहिलं. आधार गेला हे डाव्या पायाला उशिरा समजलं. साहेब सायकलीसकट मेंदीच्या कुंपणात शिरले आणि पानांतून फक्त हेल्मेट दिसत राहिलं. वरून कुणीतरी टाळ्या वाजवल्या, मग चूक लक्षात येऊन थांबवल्या.

"ही चाचणी होती," कुंपणातून आवाज आला.

दुकानदाराने पेडलं आणि दोन्ही दांडे बदलून दिले. खरी अडचण पुढेच होती, आणि तिचं नाव होतं सेक्रेटरी. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पूर्वी आपली बाल्कनी बंद करून घेण्यासाठी अर्ज केला होता. तो साहेबांच्या टेबलावरून परत आला होता. बाण कललेला होता. तेव्हापासून सेक्रेटरी संधीची वाट पाहत होते, आणि आता संधी जाड टायर लावून लिफ्टच्या दारात उभी होती.

"लिफ्टमध्ये वाहन नेता येणार नाही," सेक्रेटरी गोड आवाजात म्हणाले. "नियम आहे साहेब. तुम्हांला नियमांचं महत्त्व मी काय सांगणार!"

"मागच्या आठवड्यात हीच सायकल लिफ्टने वर गेली."

"तेव्हा ते सामान होतं. जोडल्यावर वाहन झालं."

साहेबांना राग आला, पण मनातून त्यांना युक्तिवाद आवडला. असा मुद्दा त्यांच्या कचेरीतसुद्धा रोज निघत नाही. ते म्हणाले, "मग पुढचं चाक काढलं तर?"

सेक्रेटरींनी विचार केला. "चाक काढलं तर सामान."

पुढचं चाक एका खटक्याने निघायचं, तेव्हा हा तोडगा सोपा वाटला. रोज लिफ्टपाशी चाक काढायचं, एका हातात चाक, दुसऱ्या हातात मागच्या चाकावर उभी केलेली सायकल, आणि सामान म्हणून वर जायचं. पण यात एक गोम होती, जी नियम करणाऱ्याला ठाऊक नव्हती आणि पाळणाऱ्यालाही. या सायकलीच्या चाकाला एक पोलादी चकती असते. ब्रेक दाबला की दोन छोट्या पट्ट्या दोन्ही बाजूंनी त्या चकतीला चिमटीत धरतात. चाकच काढलेलं असेल आणि कुणी ब्रेक दाबला, तर मध्ये चकती नसल्याने पट्ट्या एकमेकींना घट्ट बिलगतात आणि सुटायचं नाव घेत नाहीत. मग चाक परत बसत नाही.

आणि लिफ्टमध्ये उभी असलेली सायकल दिसली की माणूस काय करतो? ब्रेक दाबून पाहतो. यात वय, शिक्षण, हुद्दा काही आड येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे डॉक्टर "वा, कितीला?" म्हणत दाबत. कुरिअरवाला पार्सल काखेत धरून दाबी. पूलकाका तर "पकड बघू" म्हणून दोनदोनदा दाबत. सेक्रेटरी बोलता बोलता नुसता हात ठेवत, पण हात ठेवणं आणि दाबणं यांत त्यांच्या बाबतीत फरक राहत नसे.

दुसऱ्या फेरीच्या सकाळी चाक बसेना. साहेबांनी ढकललं, विनवलं, शेवटी ब्रेकला सरकारी भाषेत दम दिला. मग चाक हातात, सायकल खांद्यावर, डोक्यावर हेल्मेट अशा थाटात भर रस्त्यातून दुकानाकडे निघाले. वाटेत त्यांच्याच कचेरीतला शिपाई भेटला. त्याने आदराने नमस्कार केला आणि विचारलं, "साहेब, सायकल चालत नाही का?" साहेब म्हणाले, "चालते. आज मीच चालतोय." कचेरीत दुपारपर्यंत हे वाक्य सगळ्या टेबलांवर फिरलं.

दुकानदाराने पट्ट्या उचकटून वेगळ्या केल्या आणि सांगितलं, चाक नसताना ब्रेकला हात लावू देऊ नका. साहेबांनी घरी येऊन पाटी लिहिली: "ब्रेक दाबू नये." ती हँडलला लटकवली. आजवर ज्यांच्या मनातही आलं नव्हतं, त्यांनीही मग दाबून पाहिला.

तेव्हापासून साहेब लिफ्टमध्ये सायकलीला पाठीशी घालून उभे राहू लागले, अंगरक्षकासारखे. कुणाचा हात जवळ आला की खोकत. तरीही सकाळी पाहावं तर पट्ट्या पुन्हा बिलगलेल्या! रात्री मोकळ्या होत्या, सकाळी घट्ट. साहेब चक्रावले. "सेक्रेटरीकडे आपल्या घराची दुसरी किल्ली आहे," त्यांनी बायकोला गंभीरपणे सांगितलं. बायको टाचण्या तोंडात धरून शिवत होती. ती "हं" म्हणाली.

शाळांची कामं तोंडावर आली होती. कापडाचे गठ्ठे बोळात आले आणि आंघोळ ही कसरतीची गोष्ट झाली. शेवटचा रविवार उरला. आदल्या संध्याकाळी साहेब टेबलाचा खण उपसत बसले असताना त्यांच्या हाताला व्हिजिटिंग कार्डांची डबी लागली. बढती मिळाली तेव्हा हौसेने छापून घेतलेली, जाडजूड, सोनेरी कडांची. ती आजवर कुणी मागितली नव्हती. ज्यांचे अर्ज परत जातात त्यांना साहेबांचं नाव कार्डाशिवायही पाठ असतं. साहेबांनी एक कार्ड दुमडलं आणि दोन पट्ट्यांच्या मधोमध सरकवलं. ब्रेक दाबून पाहिला. पट्ट्यांनी कार्ड चावलं आणि मुकाट्याने सोडलं. साहेबांना स्वतःचं कौतुक वाटलं.

रविवारी सकाळी कार्ड काढलं तर त्यावर चावे होते, सोनेरी कड पार चेपलेली. म्हणजे कुणीतरी परत हात मारला होता, आणि बराच जोर लावून. "कुलूप बदलायला हवं," साहेब पुटपुटले. पण चाक मात्र सहज बसलं.

टेकडीच्या एका अंगाला पायऱ्या, दुसऱ्या अंगाला वळणावळणाचा रस्ता. बायको पायऱ्यांनी वर गेली, परीक्षक म्हणून. सोबत सेक्रेटरी आणि पूलकाका, साक्षीदार म्हणून. खरं म्हणजे मजा बघायला. साहेब रस्त्याला लागले. सुरुवातीला त्यांनी गिअर बदलण्याचा आनंद घेतला. मग बदलायला गिअर उरले नाहीत आणि चढ मात्र पुष्कळ उरला. सकाळी फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं गुडघेदुखीवर बोलत बोलत त्यांच्या पुढे निघून गेलं. "या सायकलीला कॅरिअर नाही गं," आजोबा जाताना म्हणाले. मधल्या वळणावर साहेबांनी दम खायला रस्त्याच्या कठड्यावर पाय टेकवला. कठडा म्हणजे जमीन नव्हे, हे त्यांनी व्याख्या आठवून पक्कं करून घेतलं होतं.

छाती भात्यासारखी हलत होती, पण पाय खाली आला नाही. आणि शेवटच्या वळणाआधी फाटक आलं. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

"पुढे वाहनांना बंदी."

साहेबांनी फाटकाचा दांडा धरून तोल सांभाळला. टाकी त्या वळणापलीकडेच होती. त्यांनी विनंती केली, हुद्दा सांगितला, पहारेकऱ्याने कशालाच भीक घातली नाही. फाटक काही हलेना, सायकल मात्र कलू लागली. तेव्हा साहेबांनी डोळे मिटून पाय खाली ठेवला. खाली जमीन होती, त्यात कसलाही अर्थ लावता येण्यासारखा नव्हता.

मग त्यांनी खटका सोडला, चाक काढलं आणि खिशातलं कार्ड पट्ट्यांमध्ये सरकवलं. "हे आता वाहन नाही. सामान आहे. आमच्या सोसायटीचा तसा निर्णय आहे."

पहारेकरी विचारात पडला. त्याने विचार करता करता ब्रेक दाबून पाहिला. "सामानाला बंदी नाही," तो शेवटी म्हणाला.

फाटक ओलांडलं, वळण घेतलं. पहारेकरी दिसेनासा झाला आणि टाकीकडची माणसं अजून दिसत नव्हती. मधल्या तेवढ्या रस्त्यावर साहेब आणि त्यांची सायकल, बाकी कोणी नाही. त्यांनी चाक बसवलं, सायकलवर चढले आणि जीव खाऊन पेडल मारत वळणापलीकडे निघाले. टाकीच्या ओट्यावर बसलेली बायको उभी राहिली. पूलकाकांनी टोपी हवेत उडवली. सेक्रेटरींनी नाइलाजाने, पण टाळ्या वाजवल्या. साहेबांनी बसल्या बसल्या टाकीच्या भिंतीला पंजा टेकवला.

"केलंत हो!" बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांत साहेबांनी तिच्या चेहऱ्यावर स्वतःबद्दलचा असा आनंद पाहिला नव्हता, आणि तो पाहून त्यांना एकदम फार वाईट वाटलं. "खोली तुमची. मी माझा शब्द पाळते. मशीन राहील बोळात, काही बिघडत नाही."

गप्प बसणं फार सोपं होतं. पहारेकऱ्याला कोण विचारायला जाणार होतं? साहेबांनी घोटभर पाणी प्यायलं, हेल्मेट काढलं, परत घातलं. लोकांचे अर्ज बाणावरून परत पाठवणाऱ्या माणसाला ते जमेना.

"एक त्रुटी आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"फाटकापाशी पाय जमिनीला लागला. चाक काढून चालत आलो, आणि वळणाआड परत चढलो. अर्ज नामंजूर. खोली तुझी."

सेक्रेटरींचं तोंड उघडंच राहिलं. नियमाची धार या माणसाने स्वतःवर चालवलेली पाहून त्यांच्या बाल्कनीचं दुःख बरंच हलकं झालं असावं. पूलकाका म्हणाले, "पण टाकीला हात तर..." आणि बायकोकडे पाहून टोपी उचलायला गेले.

बायको ओट्यावर खाली बसली. पदराशी चाळा करत म्हणाली, "मग माझीही एक त्रुटी लिहून घ्या. ब्रेक मी दाबत होते."

"तू?"

"पहिल्यांदा सहजच. सकाळी दूध तापवायला उठले, जाता जाता दाबून पाहिला. छान वाटतं हो दाबायला. मग तुमचं चाक बसेना, तेव्हा कळलं काय होतं ते. मग मुद्दाम दाबू लागले. मला खिडकी हवी होती. काल कार्ड बघितलं. तुमचं नाव होतं त्यावर. तरी दाबला. म्हटलं, होईल काही तरी. नाही झालं काही, तर उलट बरंच वाटलं."

साहेबांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. "किल्लीबद्दल माफ करा," ते म्हणाले. सेक्रेटरींना काहीच अर्थबोध झाला नाही, तरी त्यांनी मोठ्या मनाने माफ केलं आणि लगेच विचारलं, "मग माझ्या बाल्कनीचं?"

"बाण सरळ करून आणा."

मग साहेब बायकोशेजारी ओट्यावर बसले. दोन्ही अर्जांत त्रुटी असल्या की कचेरीत ते दोन्ही परत करतात, कुणालाही काहीही मिळत नाही. ते तसं म्हणणार होते. पण बायको हसत होती, घाम पुसता पुसता तेही हसू लागले, आणि तो निर्णय कधी जाहीर झालाच नाही.

आता मागच्या खोलीत मशीन खिडकीपाशी आहे. दुर्बीण, काचपेटी आणि रेडिओ भंगारात गेले. सायकल मात्र त्याच खोलीत भिंतीला टेकून उभी असते, पुढचं चाक काढलेली, पट्ट्यांमध्ये कार्ड. दर रविवारी साहेब टेकडीवर जातात, फाटकापर्यंतच. डबीतली कार्डं भराभर संपतायत. साहेबांनी नवीन छापायला टाकली आहेत, या वेळी जरा जाड कागदावर.

सकाळी साहेब दाढी करत असतात तेव्हा मागच्या खोलीतून मशीनची टकटक ऐकू येते. मधेच ती थांबते. मग एक बारीकसा कुरकुर आवाज येतो, ब्रेकचा. टकटक परत सुरू होते. साहेब आरशात पाहत वस्तरा फिरवत राहतात. आक्षेप घेत नाहीत.